अंगावर पिणारे बाळ असताना पुन्हा दिवस राहिले तर काय करावे

बाळ जेमतेम सात-आठ महिन्यांचे, पाळी अजून सुरूही झालेली नाही आणि चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, ही वेळ ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक घरांत येते. त्यानंतर घरात निघणारा पहिला हुकूम बहुधा ठरलेला असतो: 'आजपासून बाळाचे दूध तोड.' हा हुकूम प्रेमापोटीच दिला जातो, परंतु तो ऐकणाऱ्या आईच्या मांडीवर अजून दात न आलेले मूल असते आणि रात्रीतून तीनदा ते तिच्याच अंगावर झोपत असते. अशा आईसाठी हा लेख आहे. दूध चालू ठेवायचे की थांबवायचे, हे केवळ दिवस राहिले म्हणून ठरवू नये. बाळाचे वय, त्याच्या वजनाचा आलेख आणि आईची प्रकृती पाहून ते ठरवावे, आणि एकदा ठरवले म्हणून विषय संपला असे न मानता दर महिन्याच्या तपासणीच्या वेळी त्याचा पुन्हा विचार करावा.

गर्भ किती आठवड्यांचा आहे ते आधी कळू द्या

'अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत' ही समजूत पूर्ण खोटी नाही, पण ती तीन अटींवर उभी आहे. बाळ ६ महिन्यांच्या आतले असावे, ते दिवसरात्र केवळ आईच्या दुधावर असावे आणि आईची पाळी परत आलेली नसावी. यातली एक अट जरी सुटली, उदाहरणार्थ बाळाचे उष्टावण झाले आणि पाजण्याच्या वेळा कमी झाल्या, तरी भरवसा संपतो. त्यातही स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते. त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. बाळ छातीशी आले की अचानक कुरकुर करू लागले, स्तनाग्रे पहिल्या बाळंतपणानंतरच्या दिवसांसारखी दुखू लागली, सकाळी मळमळू लागले, तर पाळीची वाट न पाहता लघवीची चाचणी करून घ्यावी.

शेवटच्या पाळीची तारीखच नसल्याने आठवडे मोजण्याचा नेहमीचा मार्ग येथे बंद होतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी या गरोदरपणात फार मोलाची ठरते. पुढे दूध कधी आटेल, गोळ्या कधी सुरू होतील आणि प्रसूती कधी अपेक्षित आहे, या सगळ्याचा हिशेब तिच्यावरून लागतो. नोंदणी लगेच करावी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महानगरपालिकांच्या नागरी आरोग्य केंद्रांत ती होते, आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढे, तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी मिळते. जाताना मांडीवरच्या बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या बाळंतपणाचे कागद बरोबर घ्यावेत. पहिली प्रसूती सिझेरियनने झाली असेल तर ती तारीख डॉक्टरांना स्वतःहून सांगावी, कारण दोन प्रसूतींमधील अंतर दीड वर्षाहून कमी असल्यास गर्भाशयावरील व्रणाला कळांमध्ये धोका अधिक असतो आणि प्रसूती कोठे व कशी करायची याचा विचार आधीपासून करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटना एका प्रसूतीनंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत असे सांगते. ते अंतर राहिले नाही म्हणून कोणी आईला बोल लावू नये. हे गरोदरपण नको असेल, तर तेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. कायद्याने गर्भपाताची सोय आहे आणि सरकारी रुग्णालयांत ती उपलब्ध आहे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून घेणे मात्र जिवावर बेतू शकते.

पाजल्याने पोटातल्या गर्भाला धोका असतो का

बाळ ओढू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते. त्यानेच पान्हा फुटतो आणि त्यानेच प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावते. म्हणून भीती वाटणे साहजिक आहे. परंतु गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या काळात गर्भाशय या संप्रेरकाला फारसा प्रतिसाद देत नाही, कारण त्याला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) गर्भाशयात तेव्हा थोडे असतात आणि प्रोजेस्टेरॉनमुळे स्नायू शांत राहतात. ही संवेदनक्षमता वाढते ती अखेरच्या आठवड्यांत. निरोगी स्त्रीच्या निर्धोक गरोदरपणात पाजणे चालू ठेवल्याने अकाली प्रसूती होते असे अभ्यासांतून स्पष्ट झालेले नाही. एक गोष्ट मात्र सावधपणे लक्षात घ्यावी: मांडीवरचे बाळ फार लहान असून संपूर्णपणे आईच्याच दुधावर असेल, तर अशा गर्भधारणांत गर्भपाताचे प्रमाण काहीसे अधिक आढळल्याचेही एका अभ्यासात दिसले आहे. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आईने डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये.

आधी अकाली प्रसूती किंवा लागोपाठ गर्भपात झाले असतील, गर्भाशयाचे तोंड आखूड असेल वा त्याला टाका घातला असेल, पोटात जुळी असतील, रक्तस्राव होत असेल किंवा गर्भाची वाढ कमी पडत असेल, तर पाजणे थांबवण्याचा सल्ला मिळण्याची शक्यता मोठी असते आणि तो मानावा. साधी खूण अशी की डॉक्टरांनी शरीरसंबंध टाळायला सांगितले असतील, तर पाजण्याबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

स्त्रीरोगतज्ज्ञ 'बंद करा' म्हणतात आणि बालरोगतज्ज्ञ 'चालू ठेवा' म्हणतात, असा पेच बऱ्याच जणींपुढे उभा राहतो. तेव्हा दोघांपैकी खरे कोण, हे शोधत बसण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांना नेमके विचारावे: 'माझ्या तपासणीत असे काय दिसते आहे, ज्यामुळे थांबवायला हवे?' कारण हिमोग्लोबिन, रक्तस्राव किंवा सोनोग्राफीतील एखादी नोंद असेल तर ती पुढ्यात येते. तसे काही नसेल आणि सल्ला सावधगिरीपोटी असेल, तर बाळाचे वय सांगून हळूहळू सोडवण्याला किंवा कमी वेळा पाजण्याला डॉक्टर बहुतेक वेळा तयार होतात.

बाळाच्या वयाप्रमाणे पुढचे ठरवा

गरोदरपणातील संप्रेरकांमुळे साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध कमी होते आणि पुढे त्याचे रूपांतर चिकात होऊ लागते. हे घडते ते गर्भामुळे. आई कमी जेवते म्हणून किंवा बाळ कमी ओढते म्हणून नव्हे. त्यामुळेच एरवी उपयोगी पडणारे 'जास्त वेळा पाजा, म्हणजे जास्त दूध येईल' हे सूत्र या काळात चालत नाही, आणि सासूबाईंनी आणलेली शतावरीची पावडरही दूध परत आणू शकत नाही. अळिवाची खीर, मेथीदाण्याच्या कॅप्सूल, बाळंतकाढा हे सारे बाळंतिणीसाठी आहे. गरोदर असताना ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. मेथीची भाजी जेवणात असायला हरकत नाही.

बाळ ६ महिन्यांच्या आतले असेल तर सर्वांत जास्त काळजी येथेच घ्यायची आहे, कारण त्याला आईच्या दुधाखेरीज दुसरे काही मिळतच नसते. दर आठवड्याला एकाच काट्यावर, शक्यतो एकाच वेळी, वजन करावे. या वयात महिन्याला साधारण अर्धा किलो वजन वाढायला हवे आणि दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी व्हायला हवी. लघवी गडद पिवळी होऊ लागली, पिऊन झाल्यावरही बाळ मुठी आवळून रडत राहिले किंवा उलट, ते दिवसभर गळून झोपूनच राहू लागले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. दूध पुरत नसेल तर पावडरीचे दूध द्यावे लागते आणि ते देण्यात आईचा कोणताही कमीपणा नाही. पाणी उकळून घ्यावे, डब्यावर लिहिलेले माप काटेकोर पाळावे आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. पावडर पुरावी म्हणून पातळ करणे किंवा पाणी घातलेले गाईचे दूध देणे या दोन्ही गोष्टींनी बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण वजन वाढत नाही. शीव रुग्णालयात १९८९ पासून मानवी दुग्धपेढी आहे आणि तिची चौकशीही अनेक घरांतून होते; मात्र पेढीचे दूध मुख्यतः रुग्णालयात दाखल असलेल्या कमी दिवसांच्या व आजारी नवजात बाळांसाठी राखलेले असते, ते घरच्या बाळाला रोज मिळेल असे धरून चालू नये.

सहा महिने ते एक वर्ष या वयात फसगत होते ती हळूच. एका सात महिन्यांच्या बाळाचे कार्ड माझ्या डोळ्यांपुढे आहे: पाचव्या महिन्यापर्यंतचे वजनाचे ठिपके रेषेबरोबर चढत गेलेले, आणि त्यानंतरचे तीन ठिपके शेजारीशेजारी, जवळजवळ आडव्या ओळीत. बाळ हसत-खेळत होते, दर दोन तासांनी छातीला लागत होते, त्यामुळे घरात कोणालाच शंका आली नाही. आईला मात्र चौथा महिना लागला होता आणि दूध केव्हाच कमी झाले होते. म्हणून बाळ किती वेळा पिते हे मोजून समाधान मानू नये, ठिपके पाहावेत. ठिपके आडवे झाले की वरचे खाणे वाढवावे. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चारदा जेवण हवे, शिवाय मध्ये एक-दोन वेळा काहीतरी खाऊ. एका जेवणाचे माप अर्धी वाटी, म्हणजे पाव लिटरच्या वाटीची अर्धी. ताटाच्या कडेला ठेवलेल्या इवल्या वाटीची नव्हे. डाळीचे वरचे पाणी आणि भाताची पेज यांत पाणीच जास्त असते. त्याऐवजी चमच्यावरून घरंगळणार नाही इतका घट्ट मऊभात-वरण, वर एक चमचा तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे, काटे नीट काढलेला मासा असे द्यावे. वर्षाच्या आत मध, मीठ आणि साखर नको. वरचे दूध लागले तर कोणते आणि किती हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे, पण जे ठरेल ते पाणी घालून वाढवू नये. अंगणवाडीतून ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या बाळाला आणि गरोदर आईलाही घरी नेण्याचा पोषण आहार मिळतो. दोघांची नावे स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावीत.

बाळ वर्षाचे झाले असेल तर चिंता बरीच कमी होते. ते घरातले जेवण जेवू शकते, दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंत दूध पिऊ शकते आणि आईच्या दुधावर त्याची गरज थोडीच उरते. चीक खारट लागत असल्याने अनेक मुले या काळात आपणहून सोडतात. काही मात्र दूध नसतानाही केवळ जवळीक म्हणून ओढत राहतात, आणि आईला त्रास नसेल तर तेही चालते. चिकामुळे शी थोडी पातळ होणे हा आजार नाही. 'गर्भाचे दूध बाळाला बाधते' ही भीती मनातून काढून टाकावी. दूध कमी होते, चव बदलते, पण ते नासत नाही किंवा विषारी होत नाही.

आईचे जेवण आणि गोळ्या

शरीर एकाच वेळी तीन जिवांना पुरवत असते, आणि कमतरता पडली की सर्वांत आधी आईचा साठा रिकामा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे गरोदर स्त्रीला दिवसाला ३५० किलोकॅलरी अधिक लागतात. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला पाजणाऱ्या स्त्रीला ६०० आणि सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला पाजणाऱ्या स्त्रीला ५२० अधिक लागतात. दूध कमी होत जाते तशी दुसरी गरज घटते, म्हणून हे आकडे रोज तंतोतंत बेरीज करून खाण्याची आवश्यकता नाही. तरीही नेहमीपेक्षा एक पूर्ण जेवण जास्त, इतके तरी हवेच. मळमळीमुळे एकदम जेवण जात नसेल तर दर दोन तासांनी थोडे खावे: भाकरी-उसळ, शेंगदाणा-गुळाचा लाडू, दही-पोहे, अंडे. आपल्या खाडीकाठच्या घरांतला जवळा आणि सुकट ही अख्खीच खाल्ली जाणारी मासळी कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही देते. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, ते या काळात टाळावेत. वैशाख-ज्येष्ठाच्या घामाघूम दमट हवेत पाजायला बसण्याआधी तांब्याभर पाणी जवळ असावे.

लोहाची गोळी येथे निर्णायक आहे. पहिल्या बाळंतपणानंतर ती १८० दिवस घ्यायची असते आणि बऱ्याच जणींची ती अर्ध्यावरच सुटलेली असते, त्यामुळे दुसऱ्या खेपेची सुरुवातच कमी हिमोग्लोबिनने होते. ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह असलेली लाल गोळी रोज आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असा सरकारी कार्यक्रमातला क्रम आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, म्हणून कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर घेणे सोयीचे पडते. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. हिमोग्लोबिन ठरल्याप्रमाणे वाढत नसेल आणि आईचे स्वतःचे वजनही चढत नसेल, तर पाजणे कमी करण्याचा विचार गांभीर्याने करावा. मळमळीची, सर्दीची, ॲलर्जीची कोणतीही गोळी लिहून घेताना 'मी गरोदर आहे' आणि 'मी पाजते आहे' ही दोन्ही वाक्ये डॉक्टरांच्या कानावर घालावीत. नुसते पहिले सांगून भागत नाही.

दुखणे आणि आतून येणारी चीड

गरोदरपणात स्तनाग्रे अतिशय हुळहुळी होतात आणि ते दुखणे बाळाच्या पकडीच्या चुकीमुळे नसते, त्यामुळे केवळ पकड सुधारून ते पूर्ण जात नाही. कुशीवर झोपून पाजणे, ओढण्याचा वेळ एखाद्या बडबडगीताइतका आखणे, आणि बाळाचे तोंड पूर्ण उघडल्याशिवाय न लावणे याने थोडा आराम पडतो. याहून अवघड असते ती चीड. बाळ ओढू लागताच त्याला दूर लोटावेसे वाटते, अंगावर काटा येतो, आणि दुसऱ्याच क्षणी आईला स्वतःचीच लाज वाटते. ही शरीरातील बदलांतून येणारी भावना आहे. प्रेम आटल्याची खूण नाही. ती रोज येऊ लागली तर दूध सोडवायला तेवढे कारण पुरेसे आहे, दुसऱ्या कोणत्याही वैद्यकीय कारणाची वाट पाहू नये.

पाजताना पोटात हलकेसे आवळल्यासारखे वाटून ते लगेच सैल पडत असेल तर घाबरू नये. बाळाला बाजूला करून, पाणी पिऊन, डाव्या कुशीवर पडून राहावे. कळा नियमित येत असतील, तासाभरात थांबत नसतील, रक्त किंवा पाणी जात असेल अथवा गर्भाची हालचाल मंदावली असेल, तर पाजणे थांबवून थेट रुग्णालय गाठावे. घोडबंदर रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी लक्षात घेता कोठे जायचे हे आधीच ठरलेले असावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

सोडवायचे ठरल्यास

आजही कोरफडीचा गर, कडुलिंब आणि क्वचित मिरचीसुद्धा लावली जाते, किंवा बाळाला चार दिवस आजोळी पाठवले जाते. मिरचीने बाळाचे तोंड पोळते आणि अचानक तोडल्याने आईच्या छातीत गाठी होऊन ताप येतो. पोटात गर्भ असताना असा ताप अजिबात परवडणारा नाही. त्याऐवजी चार-पाच दिवसांना एक वेळ या गतीने कमी करावे. आधी दुपारची, ज्या वेळी बाळ खेळण्यात रमते ती वेळ सोडावी, झोपतानाची सर्वांत शेवटी. बाळाने मागितले नाही तर देऊ नये, मागितले तर लगेच नाकारू नये, आणि मागण्याच्या वेळेच्या थोडे आधी खायला द्यावे. छाती टणक झाली तर आराम पडेल इतकेच दूध पिळून काढावे.

रात्रीचा प्रश्न एका खोलीच्या घरात कठीण जातो, कारण आईचा वास आणि आवाज दोन हातांवरच असतो. तेथे बाबांनी किंवा आजीने बाळाला आपल्या शेजारी घेऊन थोपटावे, आईने पुढून न उघडणारा गाऊन घालून दुसऱ्या कडेला झोपावे. पहिल्या काही रात्री रडण्याच्या असतात. त्या वेळी शेजारी काय म्हणतील म्हणून घाईने छातीला लावले, तर दुसऱ्या रात्री रडणे वाढते. बाळ आजारी असताना किंवा लसीच्या दिवशी सोडवायला सुरुवात करू नये.

नोकरदार आईने आणखी एक हिशेब पाहावा. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असल्यास प्रसूती रजेचा हक्क मिळतो, आणि हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असताना ती २६ आठवड्यांची असते. पहिली रजा संपून फार दिवस झाले नसतील तर हे ८० दिवस आधी मोजावेत. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन विराम मिळण्याचाही हक्क आहे.

नवे बाळ आल्यावर

प्रसूतीपर्यंत थोरले पीतच असेल, तर पहिले तीन-चार दिवस नियम कडक ठेवावा: चिकावर पहिला हक्क नव्या बाळाचा. त्याला दिवसातून ८ ते १२ वेळा पाजून झाल्यावरच थोरल्याला घ्यावे. दूध पूर्ण उतरले की थोरल्याच्या पिण्याने ते कमी न होता वाढतेच. नवे बाळ नेहमी आधी, ही शिस्त मात्र वजन स्थिर वाढू लागेपर्यंत सोडू नये. थोरल्याला सर्दी-खोकला असेल किंवा तोंडात पांढरा थर दिसत असेल तर दोघांना वेगवेगळी बाजू द्यावी. सिझेरियन झाले असल्यास थोरल्याने पोटावर चढू नये म्हणून आईने मांडीवर उशी घेऊन बसावे आणि त्याला शेजारी उभे राहून पिऊ द्यावे.

पुढच्या खेपेस पुरेसे अंतर राहावे यासाठीची चर्चा सातव्या-आठव्या महिन्यातच उरकावी, कारण प्रसूतीनंतरच्या धावपळीत ती राहूनच जाते. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते आणि पाजण्यात तिची काहीच अडचण होत नाही. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालते. छाया या गोळीत संप्रेरक नसते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तिन्ही साधने सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत मोफत मिळतात. तांबीची निवड केली असेल तर तशी संमती प्रसूतीपूर्व तपासणीच्या केसपेपरवर लिहून घ्यावी, म्हणजे प्रसूतीगृहात कोणाला नव्याने समजावून सांगण्याची वेळ येत नाही.